धाब्यावरची परीक्षा

मी लहानपणी फार रागीट होतो, आणि म्हातारपणी निवळलो आहे असं घरातलं कुणीही म्हणत नाही. पण आयुष्यातला सगळ्यांत मोठा राग मी अकराव्या वर्षी माझ्या मायवर काढला आणि तो साफ चुकीचा होता. तेवढं लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

आमचं गाव बार्शीटाकळीपासून दोन कोसांवर. दूरदेशी कुठे तरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला कधी कुणी ऐकला नव्हता असा भाव आला होता. गावात जो तो फुगला होता. कुणी बैलांना नव्या झुली केल्या, कुणी बायकोला पाटल्या. माझ्या बापाने मात्र वेगळंच मनात घेतलं. अकोल्याच्या बाजारात मुंबईच्या दलालांचे गुमास्ते इंग्रजी कागद पुढे करत आणि बाप ते उलटे धरून गंभीरपणे मान हलवी. आपलं पोरगं तरी कागद सुलटा धरेल, एवढीच त्याची हौस होती.

शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरे. वर्षातून एकदा अमरावतीहून परीक्षा घ्यायला साहेब येत. साहेब म्हणजे आपल्यातलेच, पगडीवाले, पुण्याकडचे. ते ज्याला पसंत करत त्याला अकोल्याच्या मोठ्या शाळेत जागा मिळे. त्या वर्षी मास्तरांनी माझं एकट्याचं नाव काढलं होतं. ही परीक्षा हुकली तर पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हतो. म्हणजे मग नांगर.

परीक्षेला पंधरा दिवस उरले आणि माझ्या धाकट्या बहिणीला देवी आल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, घरात फोडणी बंद झाली, बापाने दाढी वाढवली. बहीण तीन वर्षांची. अंगभर फोड, डोळे चिकटलेले. माय तिच्याजवळून हलत नसे. माझी खाट गोठ्यात गेली आणि शाळा बंद झाली. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. देवी घरात असताना पोर बाहेर धाडायचं नाही, हे गावात सगळेच पाळत.

तक्रार पुढे आली. नवव्या दिवशी ताप उतरला, फोड सुकले. आमच्या घरातल्या रीतीभातींचा कारभार माझ्या मोठीमायकडे, म्हणजे चुलतीकडे होता. तिचं घर आमच्या भिंतीला लागून. बाई मनाची मोठी होती, बहिणीच्या उशाशी तिनेही जागरणं केली होती. तिने देवीची बोळवण ठरवली. दहीभात, हळदकुंकू घेऊन बायका शिवेवर गेल्या, देवीला तिथे पोचवून आल्या, डहाळा उतरला. बोळवण झाली की घर मोकळं, असंच सगळे धरून चालत. खपल्या गळायला अजून दहा-बारा दिवस लागतात, हे कुणी मोजत नसे.

दुसऱ्याच सकाळी मास्तर अंगणाबाहेर येऊन उभे राहिले. "पाठवा पोराला. फार बुडालंय," म्हणाले. मी दप्तर घेऊन तयारच होतो. माय दारात आली.

"पोरगं जाणार नाई," ती म्हणाली.

बाप उखडला. "काहून? देवी गेली न?"

"पोरीच्या आंगावर खपल्या हायेत अजून. साऱ्या गळू द्या."

"अवं, त्याले टोचलं हाय! त्याले काय होते?"

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला तेव्हा आयांनी लेकरं कापसाच्या गंजीत लपवली होती. आमच्या मायने मात्र माझा दंड धरून पुढे केला होता. बहीण तेव्हा पाळण्यात होती, म्हणून राहिली.

"याले टोचलं," माय म्हणाली, "शाळेतल्या बाकीच्या लेकरायले कोनं टोचलं? याच्या आंगरख्यासंगं ते तिथं गेलं तं?"

बाप आणखी मोठ्याने ओरडला. मोठीमायने समजावलं, की बोळवण झाल्यावर शंका काढणं म्हणजे देवीचा अपमान. मास्तर म्हणाले, जागा एकच आहे. माय कुणाशीही भांडली नाही. ती फक्त दारातून बाजूला झाली नाही.

मी पाटी अंगणात आपटली. तिचे चार तुकडे झाले. "तुले मले शिकूच द्याचं नाई," मी किंचाळलो. माझं काहीही बिघडणार नव्हतं आणि तरी माझं सगळं जात होतं, दुसऱ्यांच्या पोरांसाठी! त्यातले निम्मे तर मला चिडवणारे होते. पाच दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती गोठ्याच्या उंबऱ्याशी ताट ठेवी आणि रोज तेच म्हणे, "पाढे म्हनत जाय." मी मुद्दाम म्हणत नसे. ती गेली की म्हणत असे.

परीक्षेच्या दिवशी साहेब तट्टावरून आले ते आमच्या घरावरूनच देवळाकडे गेले. मी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पालथा पडून रडत होतो. दुपार कलली, परीक्षा आटोपली, तट्टू परत निघालं. आणि मी पाहिलं ते मला अजून खरं वाटत नाही. थोरल्या दिरासमोर कधी पदर ढळू न देणारी माझी माय गल्लीच्या तोंडाशी, चांगली दहा हात लांब, पण रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून मास्तर धावत येत होते.

"सायेब, माह्या पोराची परीक्षा राह्यली," ती म्हणाली. "घरी देवी हायेत म्हून म्याच त्याले ठेवला. दुरूनच घ्या. तो पाहा, वर हाय."

साहेबांनी वर पाहिलं. मी नाक पुसलं.

"बाई, शाळेत का नाही आणलंत?"

"शाळेत दुसऱ्याईची लेकरं हायेत न सायेब."

साहेब तट्टावरून उतरले आणि समोरच्या ओट्यावर ऐसपैस बसले. "उभा राहा रे," त्यांनी हाक दिली. "पावकी म्हण."

मी म्हटली. निमकी म्हटली, दिडकी म्हटली, अपूर्णांकांचे सगळे पाढे म्हटले. गल्लीत माणसं जमली. साहेब खालून हिशेब ओरडत आणि मी वरून उत्तर ओरडत असे. पुस्तक हातात द्यायची सोय नव्हती, म्हणून ते पानाचा आकडा सांगत आणि मी माझ्या पुस्तकातून वाची. एका धड्यात मी अडखळलो तर गल्लीतल्या एका पोराने हळूच सांगायचा प्रयत्न केला आणि मास्तरांची छडी खाल्ली. मला चिडवणाऱ्यांतलाच होता तो.

शेवटी अक्षर पाहायचं राहिलं. पाटी तर मीच फोडलेली! माय गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "भितीवर लिव्ह." गोठ्याची बाहेरची भिंत पांढऱ्या मातीने नुकतीच सारवलेली होती. मी खाली उतरलो, चुलीतला कोळसा घेतला आणि साहेब सांगतील ते लिहीत सुटलो. लांबून वाचता यावं म्हणून अक्षरं टोपलीएवढी काढली. मी बाजूला झालो तेव्हा साहेबांनी ओट्यावरून सगळं मोठ्याने वाचलं. माझा बाप माना हलवत ऐकत होता, आणि या खेपेला त्याची मान बरोबर हलत होती.

महिनाभराने अकोल्याचा निरोप आला. तोवर बहीण अंगणात धावत होती, गावात दुसऱ्या कुणाला देवी आल्या नव्हत्या. मायने मला घरी ठेवल्यामुळे त्या आल्या नाहीत की येणारच नव्हत्या, हे कोण सांगणार? तिला शाबासकी कुणी दिली नाही. मीही नाही. मला जागा मिळाली होती, मी त्याच तोऱ्यात होतो.

ती जे बोलली ते फार पुढे बोलली. मी नोकरीला लागलो होतो, मोठीमाय वारली होती, तिची तेरवी उरकली होती. माय ओसरीत एकटी बसली होती. मी सहज विचारलं, "माय, त्या टायमाले तू एवढी हटून काहून बसली होती?"

"तुह्या आंधी एक होता," ती म्हणाली. मला हे ठाऊक नव्हतं. "दोन वर्साचा. मोठीमायच्या पोराले देवी आल्या होत्या. लगनाले जाचं होतं म्हून बाईनं बोळवण लवकर केली. ते पोरगं भितीवरून इकडं खेळाले आलं. मंग आपल्या पोराले आल्या. खेळाले आलं तवा त्या पोराच्या हातावर खपली होती, म्या पाह्यली होती."

"मोठीमायले मालूम होतं?"

"नाई. म्या कवाच सांगतलं नाई. आपला गेला तवा तो तिच्याच मांडीवर होता, माह्यापक्षा जास्त रडली ते. सांगतलं असतं, तं तिनं आपल्या पोराकडं कसं पाह्यलं असतं रे?"

त्या दोघींनी एका विहिरीचं पाणी तीस वर्षं एकत्र भरलं होतं.