कुकर मांडीवर घेऊन लिहिलेली गोष्ट

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी भेटेल त्याला सांगितलं, आता घरी बसून लिहिणार. नोकरीत असताना मी जेवणाच्या सुट्टीत लिहायची. एका हातात पोळीचा घास, दुसऱ्या हातात पेन, आणि पुढ्यात बाद झालेल्या स्लिपांचा गठ्ठा. काउंटरवर कुणी येऊन उभं राहिलं की वाक्य अर्ध्यात सोडायचं, आणि तो माणूस गेला की पुढचं वाक्य आपणहून येऊन बसलेलं असायचं. मला वाटायचं, एवढ्या गडबडीत इतकं लिहून होतं, तर अख्खा मोकळा दिवस मिळाला तर काय होईल.

काहीच झालं नाही.

त्यात माझ्या नवऱ्याचा दोष नव्हता. त्यांनी तर जिवाचं रान केलं. ते सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते, माझ्या आधीच निवृत्त झालेले, आणि हाताला काम नसलेला इंजिनिअर घरात असणं म्हणजे काय ते ज्याच्या घरात असतो त्यालाच ठाऊक. मुलगी बंगळूरला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती. तिथं त्यांनी मला लिहायची खोली करून दिली. मला खुर्चीत बसवून माझ्या कोपराची जमिनीपासूनची उंची मापली आणि त्या मापाचं टेबल सुताराकडून करून घेतलं. उजेड डाव्या बाजूनं यावा म्हणून कपाट हलवलं. दाराच्या फटीला रबराच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे स्वयंपाकघरातला मिक्सर आत ऐकू येऊ नये. सगळं झाल्यावर हात झटकत म्हणाले, "आता फक्त सुचायचं बाकी."

मी रोज सकाळी आंघोळ करून, वेणी घालून त्या खोलीत जाऊन बसायची. तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट होती. एक बाई बऱ्याच वर्षांनी भावाच्या दारात येऊन उभी राहते. भावानं तिला न विचारता आईचं शिलाई मशीन भंगारात दिलेलं असतं, आणि त्याचा जाब विचारायला ती आलेली असते. इथपर्यंत छान जमलं होतं. पण दारात आल्यावर ती बाई जी थांबली, ती थांबलीच. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली, तरी ती दारातच.

नवरा चहा घेऊन आत यायचे, कप माझ्यापुढे ठेवायचे आणि हळूच विचारायचे, "गेली का आत?"

"नाही अजून."

"बेल वाजवली?"

"नाही."

ते थोडा विचार करायचे. एकदा म्हणाले, "बेल बिघडलेली असेल तर सांग."

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी उगाच कीबोर्ड बडवत बसायची. भाज्यांची नावं, नातेवाइकांची नावं, नाशिक ते मुंबई वाटेत लागणारी स्टेशनं. दाराबाहेर तो आवाज जाणार नाही, एवढ्या पक्क्या पट्ट्या त्यांनीच लावल्या होत्या, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

अशात एके सकाळी सायखेड्याहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तिथल्या शेतकरी घरात दिलेली, आणि लहानपणापासून मला हुकूम सोडायची तिला सवय. घरी पारायणाची सांगता होती, पंगत बसायची होती, आणि तिचा मोठा कुकर नेमका इथं नाशकात, रविवार कारंजाजवळच्या दुकानात दुरुस्तीला पडला होता. "तू नाहीतरी घरीच असतेस," ती म्हणाली, "कुकर घे आणि पहिल्या बसनं ये. डाळ खोळंबलीये."

नवरा गाडी काढायला निघाले होते, पण त्यांची दाताच्या डॉक्टरची वेळ ठरलेली. मग मीच दुकानातून कुकर उचलला आणि निमाणी स्टँडवरून सायखेड्याची बस पकडली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून बस बायकांनी भरलेल्याच असतात. तरी मला खिडकीजवळ जागा मिळाली. खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून कुकर मांडीवर घेतला. झाकण आत सैल ठेवलेलं. शेजारी हिरव्या लुगड्यातल्या एक मावशी बसल्या, त्यांच्या मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. आम्ही एकमेकींच्या मांडीवरच्या ऐवजाकडे बघून मान हलवली आणि बस सुटली.

नांदूर नाक्याच्या अलीकडे ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कुणीतरी मोटरसायकलवाला आडवा आला होता. माझं कोपर कुकरवर आपटलं, आतलं झाकण ठण्णकन वाजलं, आणि त्याच क्षणी इतके महिने मुकी उभी असलेली ती दारातली बाई बोलली. अगदी स्पष्ट, जरा घोगऱ्या आवाजात.

मला घाम फुटला. पिशवीत पेन नव्हतं. फोनवर टाईप करायला गेले तर बस अशी उडत होती की 'द'च्या जागी 'झ' पडत होता. बाई तर बोलतच सुटलेली. शेवटी मी फोन तोंडाजवळ धरला, माईकचं बटण दाबलं आणि ती जे म्हणत होती ते तिच्याच आवाजात फोनला सांगायला लागले.

"दार उघड. मी भांडायला आलेय, जेवायला नाही. पण जेवण झालेलं असेल तर आधी जेवते, उपाशीपोटी मला भांडता येत नाही, हे तुला माहीत आहे. आणि बायकोला मध्ये घालू नकोस. आईच्या मशीनला हात लावताना तिला विचारलं होतंस का मला विचारलं होतंस?"

मला कसली शुद्ध नव्हती. हात आपोआप हलत होता, आवाज चढत होता. मला इतका आनंद होत होता की डोळ्यांत पाणी आलं. आणि डोळ्यांत पाणी बघून शेजारच्या मावशींनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"कोनाशी भांडू राह्यल्या ताई?"

मी बाईच्या नादातच होते. म्हणाले, "भावाशी."

"जमिनीचं हाय का?"

"नाही, शिलाई मशीनचं. भंगारात घातलं त्यानं. आईचं होतं."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मग मागच्या सीटवरच्या बाईला वळून सांगितलं, "भावानं आईची मशीन भंगारात घातली यांच्या." ती बातमी मागं कुठवर गेली कोण जाणे. मागून एक आवाज आला, "माझ्या भावानं आईचं जातं तसंच फेकलं." दुसरी म्हणाली, "आमच्याकडं आईची पेटी दिली कुनाला तरी." पुढच्या सीटवर पांढऱ्या टोपीतले एक आजोबा बसले होते. ते अख्खे वळून माझ्याकडे तोंड करून बसले.

तोवर कंडक्टर तिकिटं फाडत आली. खाकीतली, माझ्या मुलीएवढी मुलगी. तिनं सगळं ऐकलेलं होतं. तिकीट माझ्या हातात देत ती गंभीरपणे म्हणाली, "ताई, भांडा, पण त्याच्या पोरांदेखत नका भांडू. पोरांच्या लक्षात राहतं."

तेव्हा कुठं मी भानावर आले. माडसांगवी मागं पडली होती आणि अर्धी बस माझ्याकडे कळवळून बघत होती. एका बाईनं तर सोललेलं संत्रं पुढं केलं होतं. मला ते घेताना इतकी लाज वाटली की मी तोंडात न घालता हातातच धरलं.

"अहो," मी म्हणाले, "मला भाऊ नाहीये. मी गोष्ट लिहितेय. म्हणजे सांगतेय. फोन लिहून घेतोय."

 इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला. मला वाटलं, आता हे लोक संत्रं परत मागणार. मावशींनी माझा दंड सोडला, जरा मागं सरून मला नीट न्याहाळलं.

"म्हंजे भांडन खोटं?"

"हो."

"मंग चांगलं झालं की. खोट्यात लय भांडता येतं. खऱ्यात कुठं तोंड उघडतंय." आणि त्या पुन्हा सरकून जवळ बसल्या. "पुढं काय झालं?"

"तेच कळत नाहीये. ती दारात उभी आहे."

मग जे सुरू झालं ते ओढा गाव येईपर्यंत थांबलं नाही. बाईनं दार लाथेनं उघडावं, असं संत्रं देणाऱ्या बाईचं म्हणणं. कंडक्टरला वाटत होतं, वहिनीनं दार उघडावं आणि दोघींनी मिळून भावाला धरावं. जात्याचं सांगणारी मागून ओरडून सांगत होती की मशीन भंगारवाल्याकडून परत आणवा. मी म्हणाले, इतकी वर्षं कुठला भंगारवाला ठेवील. ती म्हणाली, "गोष्टीतला ठेवील." 

टोपीवाले आजोबा एवढा वेळ हनुवटी सीटच्या दांडीवर टेकवून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "भाऊ घरी हाय का पन?"

"म्हणजे?"

"नाय, बाजाराचा दिवस असंल. कोथिंबीर आनाया गेला असंल. घरात कुनी नसंल तर ती कोनाशी भांडंल?"

 मग मला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोट धरून. मांडीवरचा कुकर हसण्यानं हलायला लागला, झाकण वाजायला लागलं, त्याच्या आवाजानं मावशींना हसू आलं, मग कंडक्टरला. इतके महिने मी त्या बिचारीला रिकाम्या घरापुढं उभी करून ठेवली होती. दार उघडायला आत कुणी नव्हतंच. ती पायरीवर बसेल, भाऊ घामाघूम होऊन पिशव्या घेऊन येईल, तिला पायरीवर बघून त्याच्या हातातली पिशवी सुटेल आणि बटाटे गडगडतील, आणि भांडायच्या आधी दोघांना ते वेचावे लागतील. मला सगळं दिसलं. मी पुन्हा फोन तोंडाशी धरला, आणि या वेळी सगळे मला बोलू द्यायला गप्प बसले. फक्त आजोबा एकदा म्हणाले, "बटाटे नका घेऊ, कांदे घ्या. आमच्याकडं कांदे."

मी कांदे घेतले.

चांदोरीला आजोबा उतरले. मग पूल आला, गोदावरी आली, आणि सायखेडा. मावशींनी उतरताना मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली. मी वाऱ्यावर चालल्यासारखी मामेबहिणीच्या घरी पोचले. दारात रांगोळी, मांडवात माणसं. बहीण ओच्याला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या दोन्ही हातांकडे बघून म्हणाली, "कुकर कुठंय?"

कुकर बसमध्ये होता.

 ती स्कूटीची किल्ली घेऊन आली, नऊवारी तशीच खोचून पुढं बसली आणि म्हणाली, "बस." स्टँडवर आलो तर बस परत निघून गेलेली. मग आम्ही पुलावरून सुटलो. बहीण हॉर्न सोडत नव्हती. मी तिच्या कमरेला मिठी मारून मागं बसलेले, केस सुटलेले, आणि मला इतकं हसू येत होतं की ती मागं न बघता ओरडली, "हसू नको, तोल जातो." पण तिलाही हसू यायला लागलं होतं, पाठ हलत होती. लहानपणी मामाच्या सायकलवर डबलसीट बसून आम्ही दोघी कालव्यात पडलो होतो, त्यानंतर असं एकत्र काही केलं नव्हतं.

चांदोरीच्या स्टॉपवर बस उभी होती. कंडक्टरनं कुकर स्वतःच्या सीटवर ठेवला होता, पडू नये म्हणून शेजारी बॅगेचा टेकू दिलेला. खिडकीतून तो माझ्या हातात देत तिनं विचारलं, "या तुमच्या कोण?"

"बहीण," मी म्हणाले.

"खऱ्या?"

बहिणीला काही कळेना. मी तिला परतीच्या वाटेवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या गोष्टीपायी माझी पंगत उपाशी." पण त्या दिवशी वाढता वाढता तिनंच ती गोष्ट प्रत्येक पंगतीला सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. तिसऱ्या पंगतीपर्यंत ड्रायव्हरनं बस थांबवून माझ्या भावाला फोन लावला होता.

घरी येऊन फोन उघडला तर आत अख्खी बस बसलेली होती. "दार उघड मी भांडी घ्यायला आले पुढे सरका मागे जागा आहे बायकोला मध्ये घालू नको माडसांगवी कोण उतरणार." मी तो मजकूर आठवडाभर निवडत बसले, जेवणाच्या टेबलावर, मिक्सर चालू असताना, मेथी निवडत असताना. गोष्ट पुरी झाली. एका दिवाळी अंकात आली. बऱ्या गोष्टींपैकी एक आहे ती, कांद्यांसकट.

नवऱ्यानं ती दोनदा वाचली. खोलीबद्दल ते काही म्हणाले नाहीत. फक्त एके दिवशी सकाळी बूट घालून तयार होऊन आले. "चल, सिन्नरला जाऊ. बसनं." त्यांच्या लेखी प्रयोग पुन्हा करून बघायला हवा होता.

आम्ही गेलो. मला खिडकी दिली, शेजारी स्वतः बसले, रिकामी पिशवी मांडीवर ठेवायला दिली, आणि श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला काही म्हणजे काही सुचलं नाही. शिंदे गाव गेलं, मोहदरी घाट आला, तरी डोक्यात फक्त सिन्नरला उतरून भेळ खायची की वडा, एवढंच. मी त्यांना तसं सांगितलं.

ते जरासे हिरमुसले. मग घाटात गाडी चढायला लागली तसे कान देऊन ऐकू लागले. "दुसरा गिअर नीट पडत नाहीये," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "बिचाऱ्या ड्रायव्हरला दर वेळी मनवावा लागतोय." मी चमकून बघितलं. त्यांनी माझ्यापुढं हात केला. "दे जरा तो फोन इकडे. कुठलं बटण दाबायचं असतं?"

मी दाखवलं. त्यांनी घसा साफ केला, फोन तोंडाशी धरला आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. मी खिडकीबाहेर बघत बसले. घाट संपेपर्यंत त्यांनी पूर्णविरामसुद्धा घेतला नाही.