आपांची उधारीची पदवी

अख्ख्या ओमानात दुसऱ्याचा पगार विचारावा तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या आपांनीच. माणूस घरात येऊन टेकला, त्याच्या हातात चहा आला, की आपा त्याच्याकडे अशा मायेने बघायच्या की आता तब्येतच विचारणार असं वाटावं, आणि विचारायच्या, "हातात किती पडतात रे?" माझा पगार माझ्या बायकोच्याही आधी त्यांना कळला होता. आकडा ऐकून त्या "माशाल्ला" म्हणायच्या आणि दुसऱ्या क्षणाला तो विसरून जायच्या. तुमच्या पैशात त्यांना रस नसायचाच. मनात त्या कायम काहीतरी तोलत असायच्या आणि त्यासाठी कुणाचाही आकडा चालायचा.

आपा मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या. मस्कतजवळच्या अल अमेरातला आमच्या घरामागे एक छोटा दवाखाना होता, तिथे काउंटरवर त्या पेशंटची नावं लिहून घ्यायच्या. त्यांच्या यजमानांना आम्ही सगळे भाईजान म्हणायचो. ते लांबच्या इब्रा गावाच्या बाजारात भांडी विकायचे आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे. बाकीचे दिवस आपा एकट्या, आणि एकट्या असल्या की हरवलेल्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला जायच्या, समोरचे डोंगर तांबूस होऊ लागले की ओला कुर्ता हातात धरून तशाच उभ्या राहायच्या, आणि कुर्ता हातातच वाळायचा. काउंटरवरही तेच. एकदा एका आजोबांनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आणि आपांनी वहीत लिहिलं, "रक्तदाब". त्यांचा कान पडद्यापलीकडे होता. तिथे मेडिकल असिस्टंट मुलगी कुणाचा रक्तदाब बघत होती, कुणाचं रक्त काढत होती. आपांना पडद्याच्या त्या बाजूला जायचं होतं.

त्यासाठी दोन वर्षांची पदवी लागत होती. मस्कतमधल्या एका कॉलेजात संध्याकाळचे वर्ग होते. फी ऐकून मी दचकलो, आपा मात्र हसून म्हणाल्या, "हिशेब करून बघू." त्यांनी त्या मुलीला गाठून हातात किती पडतात ते विचारलं, औषधाच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे आकडे मांडले आणि गुरुवारी ते भाईजानांसमोर ठेवले. मला साक्षीदार म्हणून वर बोलावलं होतं.

भाईजान व्यापारी माणूस. त्यांनी आपांनी सोडलेले आकडे आधी भरले. संध्याकाळी वर्ग, म्हणून दोन वर्षं अर्धीच ड्यूटी, म्हणजे अर्धाच पगार. वर टॅक्सी, पुस्तकं. "आणि पुढे पगार वाढणार किती?"

"तीस रियाल," आपा म्हणाल्या.

"म्हणजे फीसाठी काढलेलं कर्ज फिटायला सहा वर्षं. तोवर तुला चष्मा लागेल, पेशंटची शीरच दिसायची नाही."

आपा खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दुकानात ती मोठी तांब्याची किटली आहे ना तुमच्या?"

"आहे."

"किती वर्षं झाली?"

"नऊ."

"गिऱ्हाईक आलं की त्याने ती नेऊ नये म्हणून तुम्ही दुप्पट भाव सांगता तिचा. का?"

भाईजानांनी कॅलेंडरची घडी घातली, उलगडली, परत घातली. "खलास, ठरलं," ते शेवटी म्हणाले. "मी भावाशी बोलतो."

व्याजाचा पैसा नको म्हणून थोरल्या भावाकडून उसने घेतले. बँक निदान फोन करते, हे थोरले दीर फोन करायचे नाहीत, दर महिन्याला नुसते चहाला यायचे, खुर्चीत बसून पंख्याकडे बघायचे आणि "सगळं ठीक?" एवढंच विचारून जायचे. आपा त्यांना न विसरता बिस्किटं द्यायच्या.

मग ती दोन वर्षं सुरू झाली. आपा सुईचा सराव संत्र्यांवर करायच्या; त्या काळात आमच्या घरात सालीला भोक नसलेलं संत्रं आलं नाही. माझा रक्तदाब त्यांनी इतक्या वेळा मोजला की तो मलाच पाठ झाला. एका परीक्षेत शिक्षिकेने स्वतःचा हात पुढे केला आणि नाडी मोजायला सांगितली. मिनिट संपलं तरी आपा हात सोडेनात. "सोडा ना, झालं आता," शिक्षिका म्हणाली. तेव्हा आपा भानावर आल्या. "इतकी छान चालली होती हो," त्या म्हणाल्या, "मध्येच सोडवेना." त्या परीक्षेत त्या पास झाल्या, पण जेमतेम.

पदवी मिळाली, पण जुन्या दवाखान्यात जागा नव्हती. जागा निघाली इब्रात, आणि पगार तीसने नाही, वीसनेच वाढला. आपांनी वरचं घर रिकामं केलं, गच्चीवरच्या दोऱ्या आमच्यासाठी ठेवल्या आणि भाईजानांकडे राहायला गेल्या.

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त इब्राला गेलो, तेव्हा त्यांच्या दवाखान्यात डोकावलो. साखर बघून घेण्याचं निमित्त केलं. आपा पडदा सारून बाहेर आल्या. डोळ्यांवर खरंच चष्मा होता. मला बसवून त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला.

"आपा," मी विचारलं, "जमला का हिशेब?"

"नाही रे," त्या म्हणाल्या, बाहेर हवा कशी आहे ते सांगावं तशा. "यांचाच बरोबर होता. उलट दोन-तीन वर्षं जास्तच जातील." त्यांचं बोट माझ्या कोपराच्या खळग्यात शीर शोधत होतं. ती सापडली, आणि मग त्या तशाच थांबल्या, बोट शिरेवर, डोळे अर्धे मिटलेले. बाकावर वाळवंटातली एक बेदुईन म्हातारी आपल्या नंबराची वाट बघत होती. कुणालाच घाई नसल्यासारखं वाटलं.

"झालं," आपा म्हणाल्या. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, मला कळलंच नव्हतं. "दुखलं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी कापूस ठेवला, माझा हात कोपरात मिटवला आणि म्हातारीकडे वळल्या. मी बाहेर येऊन गाडीत बसलो. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी बराच वेळ मी तो हात तसाच मिटून धरला होता.