घोरपड आणि शिंपला

सातवीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. प्रश्न मीच काढला होता : 'घोरपड आणि शिंपला यांतील फरक लिहा.' बहुतेकांनी पुस्तकातलंच उतरवलं होतं. घोरपडीला पाठीचा कणा असतो, शिंपल्याला नसतो. कोळीवाड्यातल्या सुगंधाने मात्र लिहिलं होतं, 'घोरपडीला ओढायला गेलं की ती अंग फुगवून कपारीत रुतून बसते. शिंपला उघडायला गेलं की तो आणखी घट्ट मिटतो. दोघांनाही भीती वाटते.'

मी शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन टेबलापाशी आली. "बाई, मी खोटं लिहिलं का?"

"खोटं नाही गं. पण फरक विचारला होता."

"मी दोन्ही जवळून बघितलेत. मला सारखंच दिसलं."

माझी चिडचिड झाली, ती माझ्यावरच. इतकी वर्षं मी कण्यावरून जीवांची वाटणी शिकवतेय, पण भीती कुठल्या रकान्यात लिहायची ते मलाच ठाऊक नाही. हातात लाल पेन होतं, तरी शून्य खोडायचं धाडस झालं नाही.

"असू दे बाई," ती समजुतीने म्हणाली, "पुढच्या वेळी पुस्तकातलंच लिहीन."

इतकी वाईट हार मी वर्गात कधी पत्करली नव्हती.