पालथ्या पाट्या

सातपाटीच्या किनाऱ्यावर मासळीनं भरलेली पाटी कुणी एकटीनं डोक्यावर घेत नाही. घेताच येत नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून वाकायचं, पाटीची एक कड आपण धरायची, दुसरी समोरच्या माणसानं, दोघांनी मिळून ती वर न्यायची आणि आपण तिच्याखाली शिरायचं. एकदा शिरलं की दोन्ही हात वर. तोल सापडेपर्यंत ते खाली आणता येत नाहीत. जवळ जो असेल त्यानं पाटी चढवून द्यायची ही आमच्याकडची रीत. बाई असो की बाप्या, भांडण असलं तरी आधी पाटी चढवायची, मग भांडायचं.

मी सांगते आहे ती गोष्ट या हात वर असतानाच्या चार क्षणांची आहे. हे क्षण आपलेच आहेत असं समजणारा एक माणूस आमच्या किनाऱ्यावर होता.

मला शाळेत उशिरा घातलं होतं, त्यामुळे पालघरच्या हायस्कुलात मी अकरावीला पोचले तेव्हा अठरा पूर्ण झाली होती. मॅट्रिकची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. माझ्या शाळेला बाची, म्हणजे वडिलांची, एक अट होती. सकाळी आयबरोबर किनाऱ्यावर जायचं, एक पाटी तिनं आणि एक मी घ्यायची, दोन्ही एसटीच्या टपावर टाकून पालघरच्या बाजारात पोचवायच्या. मग नळावर हात धुऊन मी शाळेत जायची. वर्गातल्या काही मुली माझ्या वासानं नाक मुरडायच्या. मुरडोत. पाटी नाही तर शाळा नाही, हा हिशेब मला पाठ होता.

त्या वर्षी गावात एकच बोलणं होतं. तारापूरकडे वीजघर व्हायचं म्हणून जमिनी मोजायला, रस्ते करायला बाहेरची माणसं बोईसरला उतरू लागली होती. हिंदी बोलणारे मजूर, बायकामुलं गावी ठेवून आलेले. पोरी सांभाळा, असं जो तो सांगायचा. माझी मावशी घिवलीला राहायची आणि बोईसर स्टेशनाबाहेर मासळी विकायची. तिच्याकडे जाणंही आयनं माझं बंद केलं होतं. सगळ्या गावाची नजर बोईसरच्या रस्त्याकडे लागली होती आणि पाठ किनाऱ्याकडे होती.

किनाऱ्यावर हा नाखवा होता. दोन होड्यांचा मालक, पंचांपैकी एक, देवळाच्या कामात पुढे. पन्नाशीचा. आम्ही मुली त्याला काका म्हणायचो. तो पाट्या चढवून द्यायला नेहमी तयार असायचा आणि बाप्ये म्हणायचे, एवढा मोठा नाखवा पण गर्व नाही.

थोरल्या बायकांना सगळं माहीत होतं. तो जवळ येताना दिसला की त्या चुंबळ सोडून पुन्हा बांधत बसायच्या, तो लांब जाईपर्यंत. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि मला वाटायचं, बायकांच्या चुंबळी फारच सैल बांधलेल्या असतात. मला कुणी सांगितलं नाही, कारण बिनलग्नाच्या मुलीपुढे असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. तिचे कान मळतात म्हणे. तेव्हा कान स्वच्छ ठेवून त्यांनी मला त्याच्यासमोर उभं केलं.

त्या सकाळी बोंबील होते. आय पुढे दुसरीची पाटी चढवत होती. तो आला, ये पोरी म्हणाला आणि त्यानं कड धरली. पाटी डोक्यावर टेकली. माझे हात वर होते, आणि त्याचा हात पाटी सोडून माझ्या छातीवर आला. चुकून लागलेला हात लगेच मागे जातो. हा गेला नाही.

मी पाटी टाकली. वर धरलेले दोन्ही हात सरळ सोडून दिले. बोंबील त्याच्या पायांवर, वाळूत, चिखलात सांडले आणि मी मोठ्यानं म्हणाले, "काकांनी माझ्या अंगाला हात लावला."

 मग एक म्हातारी म्हणाली, म्हावरं सांडलं गो. झालं, सगळे वाकले आणि बोंबील वेचू लागले. तोसुद्धा वाकला. वेचता वेचता हसून म्हणाला की शाळेत जाणाऱ्या पोरींच्या मानेत ताकदच राहत नाही. दोघातिघांनी हसून दिलं. मी तशीच उभी होते. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो राग नाखव्यापेक्षा त्या वाकलेल्या पाठींवर जास्त होता.

घरी आल्यावर आय म्हणाली, गप राहायला पायजे होतंस. मी विचारलं, का? तिनं बोंबील धुवायला घेतले.

दुपारी देवळाच्या मांडवात पंच बसले. बायका बाहेर उभ्या. मला आत बोलावून एकच प्रश्न विचारला, पाटी का टाकलीस? मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, पण पाटी का टाकलीस? आमच्याकडे दर्यानं दिलेलं म्हावरं पायाखाली जाणं फार वाईट मानतात, तेव्हा गुन्हा झाला होता तो माझ्याकडून. त्याला कुणी काही विचारलं नाही. शेवटी थोरल्या पंचानं निवाडा सांगितला. गर्दीत हात लागतो. तरी नाखव्यानं देवापुढे नारळ फोडावा. आणि पोरीनं लगीन होईपर्यंत किनाऱ्यावर येऊ नये, तिच्याच भल्यासाठी.

बानं मान डोलावली. बा भला माणूस होता, त्यानं माझ्यासाठी पुढे पुष्कळ केलं, पण ती डोलावलेली मान मी त्याला कधी माफ केली नाही.

नारळ तिथंच फुटला. खोबरं वाटलं, एक तुकडा माझ्याही हातावर ठेवला. मी तो देवळाच्या पायरीवर ठेवून दिला. त्याची शिक्षा खोबरं चावून होईपर्यंत संपली होती. माझी तिथून पुढे सुरू झाली. किनारा बंद म्हणजे पाटी बंद, पाटी बंद म्हणजे शाळा बंद. बानं त्याच संध्याकाळी सांगितलं, आता शिक्षण पुरे. मी जेवले नाही. आयनं आग्रहही केला नाही, आणि मी तिच्यावरही चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन निघाली. चुंबळ खुंटीवरच राहिली होती. विसरली असेल म्हणून मी चुंबळ घेऊन मागे पळाले, पण वाळू सुरू होते तिथं थांबले. पुढे मला बंदी होती. तिथून मी सगळं पाहिलं.

नाखव्याची होडी लागत होती. आय तिच्यासमोर गेली, पाटी वाळूत पालथी घातली आणि शेजारी बसली. घरात कुणी गेलं की आमच्या बायका पाटी अशी पालथी घालतात, म्हणजे तिला कुणी कामाला हाक मारत नाही. बायका धावत आल्या. कोण गेलं, म्हणून विचारू लागल्या.

"माझ्या पोरीची शाळा गेली," आय म्हणाली. मग ती उभी राहिली आणि तिथून मलाही ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मी नवी नवरी होते तवा यानंच माझी पाटी चढवली होती. वीस वर्सं झाली. मी तवा पाटी टाकली नाय, म्हनून आज माझ्या पोरीला टाकायला लागली."

मी हातातली चुंबळ घट्ट धरून उभी राहिले. आता मला रडू आलं.

 एका बाईनं पाटी पालथी घातली. तिच्या शेजारणीनं घातली. आदल्या दिवशी म्हावरं सांडलं म्हणणारी म्हातारी आली, तिनंही घातली, आणि कंबर धरत खाली बसली. दुसऱ्यांच्या होड्या लागल्या की त्या पाट्या सुलट्या करायच्या, भरायच्या, एकमेकींना चढवून द्यायच्या. त्याची होडी आली की पुन्हा पालथ्या.

बोंबील थांबत नाही. सारं पाणीच असतं त्याच्या अंगात. दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दुपारच्या आत वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या मांडवावर, टांगले नाहीत तर संपलं. आणि ते काम बायकांचं. नाखव्यानं खलाशांना टांगायला लावलं. जबडे तुटले, बोंबील खाली पडले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. संध्याकाळी वास सुटला.

पंचांना हा उद्धटपणा वाटला. ते ओरडले, घराघरांतून नवरे ओरडले. दोन तरण्या सुना म्हणाल्या, त्याचं तोंड डांबरानं काळं करू, ओल्या दोरानं फोडून काढू. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. आयनं नको म्हटलं. "मारू नका, तोंड काळं करू नका," ती म्हणाली. "पोरीला जे सांगितलं तेच त्याला सांगा. एक दिस जास्ती नाय, एक दिस कमती नाय."

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. पहिल्या दिवशी तिनं आमच्या दारात येऊन मला पोटभर शिव्या दिल्या होत्या. आज तिनं स्वतःच पाटी भरली, चुंबळ बांधली आणि उभी राहिली. बायका खाली बघत बसल्या. तिचं काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. नवरा पुढे झाला आणि त्यानं पाटीची कड धरली.

"तू नको," ती म्हणाली.

तो हसला, काहीतरी पुटपुटला. ती पाटीला हात न लावता तशीच उभी. मग तिनं वाळूच्या कडेला बघितलं, मी तिन्ही दिवस जिथं उभी होते तिथं. "ये गो," म्हणाली, "तू चढव."

मी वाळूत पाय टाकला. कुणी अडवलं नाही. मी तिच्यासमोर वाकले, आम्ही दोघींनी पाटी वर नेली. तिचे हात वर गेले, आणि तोल सापडेपर्यंत मी माझे हात पाटीवरच ठेवले. ती माझ्याकडे न बघता निघून गेली.

त्या दुपारी पंच पुन्हा बसले. थोरला पंच म्हणाला, दोघांनाही मोकळं करू, झालं गेलं विसरू. मांडवाबाहेरून आय म्हणाली की पोरीला मोकळं करायचं कारण नाही, तिनं काही केलंच नव्हतं. राहिला तो. लगीन होईपर्यंत हा शब्द तुमचाच आहे. माझ्या पोरीचं लगीन होईपर्यंत तो पाट्या चढवतात त्या वाळूत उभा राहणार नाही. सडक्या बोंबलांचा वास देवळापर्यंत पोचला होता. पंचांनी ते मान्य केलं, आणि पंचांत त्याच्या जागी दुसरा बसला.

त्यानंतर मी बरंच ऐकलं. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा मोठा माणूस स्वतःच्या होडीजवळ जाऊ शकत नाही, बिचारा. हे बिचारा मला तीन दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या होड्या दर्यावर जात होत्या, म्हावरं विकलं जात होतं, ताटात भात पडत होता. फक्त बायकांचे हात जिथं वर असतात तिथं त्याला जागा नव्हती. याहून रास्त शिक्षा मला अजून सुचलेली नाही.

मी मॅट्रिक झाले. मास्तरणीचं शिक्षण घेतलं आणि बोईसरच्या एका शाळेत लागले. तोवर मजूर बायकामुलं घेऊन आले होते आणि त्यांची पोरं माझ्या वर्गात बसत. संध्याकाळी मी मावशीपाशी स्टेशनाबाहेर थांबे. तिची पाटी कधी कधी एखादा मजूर चढवून देई. ठीक है, माँजी? असं विचारून दोन पावलं मागे सरे. ज्यांच्यापासून मला सांभाळायचं होतं ते हे.

गावात माझ्या लग्नाची सर्वांत जास्त घाई नाखव्याला. दर वर्षी तो कुणाच्या तरी मार्फत स्थळ पाठवायचा. वसईचं, डहाणूचं, एक तर बोटीवरच्या नोकरीवाल्याचं. बा स्थळ सांगून माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, काकांना सांगा, इतकी घाई नाय. बासुद्धा हसायला लागला होता.

सहा वर्षांनी मी लग्न केलं, माझ्या मर्जीनं, शाळेतल्याच एका मास्तरांशी. चार दिवसांनी माहेरी आले आणि सकाळी आयबरोबर किनाऱ्यावर गेले. शिक्षा संपली होती, तो आला होता. म्हातारा झाला होता. एक अगदी नवी सून पाटी भरून वाकली होती. तो तिच्यासमोर गेला आणि त्यानं कड धरायला हात पुढे केले. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, सोडली आणि पुन्हा बांधत बसली नाही. पाटी उपडी करून सगळं म्हावरं टोपलीत ओतलं, पाटी पालथी घातली आणि त्याच्याकडे सरळ बघत तिच्यावर हात ठेवून बसली.

तो गेल्यावर मी पुढे झाले. हिरवा चुडा कोपरापर्यंत सारला, तिची पाटी पुन्हा भरली आणि चढवून दिली.