धाकट्या जावेला मिळालेली भाषा

देवानं अख्ख्या कर्जत तालुक्यात एकच तोंड निवडलं, आणि ते नेमकं माझ्या धाकट्या जावेचं निघालं. त्यानं जरा चौकशी केली असती तर मी शेजारच्याच दारात उभी होते. मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, स्तोत्रं पाठ असलेली. देवळात बायकांची प्रार्थना मीच चालवायची. आम्हा ख्रिस्ती लोकांचं देऊळ म्हणजे रेल्वे लायनीपलीकडची पत्र्याची एक खोली, पण त्या खोलीतल्या पहिल्या बाकावर कोण बसायचं हे ठरलेलं होतं. धाकटी मागं खांबाला टेकून बसायची, आणि उपदेश सुरू झाला की डुलक्या घ्यायची. देवानं पहिला बाक ओलांडून खांबाजवळ हाक मारली. याला मी काय म्हणू?

आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही रेल्वेत, आणि आम्ही एका भिंतीच्या दोन क्वार्टरांत. त्यामुळे तिचा एकही गुण माझ्यापासून लपून राहिला नाही. तिला वस्तूंची नावं वेळेवर आठवायची नाहीत. चिमटा, गाळणं, उलथनं, परात, सगळ्याला ती ‘ते’ म्हणायची. “बाई, ते द्या ना जरा. ते वो, त्याच्यावरचं ते.” सुरुवातीला मी विचारत बसायची, पुढं हाताला लागेल ते द्यायला लागले, आणि ती त्यानंच काम भागवायची. एकदा चिडून लाटणं दिलं, तर तिनं त्यानं चहा ढवळला आणि मलाच कपभर आणून दिला. प्रार्थना मात्र प्रत्येक गोष्टीसाठी करायची. लोणच्याची बरणी उघडताना, शेळी व्यायला आली तेव्हा, कशेळ्याच्या एस.टी.ला हात करताना. ती एस.टी. आमच्या फाट्यावर कधी थांबायची नाही. एकदा हिनं रस्त्याच्या कडेला डोळे मिटून मागणं मागितलं आणि गाडी खरंच थांबली, अगदी हिच्या पायाशी. मग तासभर हललीच नाही, कारण रेडिएटर फुटला होता. उतारू शिव्या घालत खाली उतरत होते आणि ही प्रत्येकाला सांगत होती, “देवानं ऐकलं वो माझं!” कंडक्टर हात जोडून म्हणाला, “मावशे, पुढच्या टायमाला जरा हळू आवाजात सांग देवाला.”

अशी ही बाई. एका उन्हाळ्यात पुण्याकडचे एक उपदेशक आले आणि देवळापुढं मांडव घालून त्यांनी तीन दिवस उज्जीवन सभा घेतल्या. पवित्र आत्मा उतरला की माणूस अन्य भाषा बोलू लागतो, असं त्यांनी शास्त्रातून सांगितलं. मी तिन्ही दिवस उपास धरला. गुडघे टेकून टेकून ते सोलवटले. धाकटी तिन्ही दिवस सुकटीचं कालवण आणि भाकरी खाऊन आली. शेवटच्या संध्याकाळी, मी डोळे मिटून वाट बघत असताना, मागं खांबाजवळ आवाज सुरू झाला. बंद पडलेल्या नळाला अचानक पाणी यावं तसा, आधी नुसता घरघरला आणि मग धो धो वाहायला लागला. त्यातला एकही शब्द ओळखीचा नव्हता, आणि कुठंही अडखळणं नव्हतं. जिला चिमटा आठवत नव्हता ती देवदूतांची भाषा एका दमात बोलत होती! माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, हिनं चुलीवरची डाळ उतरवली असेल का? दुसरा विचार आला की, माझ्यात काय कमी होतं? डाळ करपली होती. दुसऱ्या विचाराचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्याआधी कुणाचं पोर तापानं फणफणलं, कुणाचा नवरा रेल्वेच्या शेडमध्ये जखमी झाला, की बाया माझ्याकडं यायच्या. “बाई, तुमी हात ठेवा.” आता त्याच बाया माझ्या दारावरून जाताना “सलाम, बाई” म्हणायच्या आणि पुढच्या दारात शिरायच्या. भिंत एका विटेची. पलीकडं तिचं ते झरझर बोलणं सुरू झालं की मी कांदे चिरायला घ्यायची. त्या वर्षी आमच्याकडं कांदा फार लागला.

मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या, कारभारी वडिलांपैकी एकांना मात्र वेगळाच ध्यास लागला. ते शेडमधून निवृत्त झालेले मिस्त्री, त्यामुळे प्रत्येक गोष्ट खोलून बघायची सवय. बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय की, येशू पुन्हा उठला त्यानंतर पन्नासाव्या दिवशी शिष्य बोलू लागले तेव्हा देशोदेशींच्या लोकांना आपापली भाषा ऐकू आली. मिस्त्रींनी हिशेब मांडला, “म्हणजे ही कुणाची तरी भाषा असणारच. आणि कर्जत जंक्शन हाय. हितं नाय सापडायची तर कुठं?” झालं. भाषेचा मालक शोधायला सुरुवात झाली. आधी एक मद्रासी फायरमन आणला. त्यानं टोपी काढून नीट ऐकलं आणि म्हणाला, “अपना नहीं है. लेकिन मेरी माँ गुस्से में ऐसाच बोलती थी.” मग शिळफाट्याचा एक गुजराती दुकानदार आला. नेमकं त्या दिवशी हिला काही सुचेना. बिचारा चहावर चहा पीत बसला आणि शेवटी घड्याळ बघून विचारता झाला, “अजून किती टाइम लागेल, बेन?” कुणी म्हणालं, हिचं माहेर कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातली बोली असेल. म्हणून बाजाराला मध विकायला आलेल्या एका ठाकराला बोलावून आणलं. तो उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिला.

“बाय चांगली बोलती,” तो म्हणाला. “पर आमचं नाय.”

“मग कुणाचं रं?” मिस्त्रींनी विचारलं.

“तिचंच आसंल.”

आणि मधाची बाटली उचलून तो चालता झाला. त्याच्याइतकं नीट कुणी बोललं नाही, पण तो आमच्या मंडळीतला नव्हता.

महिन्यातून एकदा उपासना घ्यायला येणाऱ्या पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना समजेल असं फोड करून सांगितलं. कृत्यांतली भाषा ऐकणाऱ्याला कळली, ती त्या दिवसाची गोष्ट. पुढं करिंथ गावच्या मंडळीत जी भाषा बोलत ती कुणालाच कळत नसे, कारण तीत माणूस माणसाशी बोलत नाही, देवाशी बोलतो. तिला मालक शोधू नका. मात्र मंडळीत बोलायचं तर अर्थ सांगणारा पाहिजे, नाहीतर बाकीच्यांना त्याचा काय उपयोग? अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्यानं गप्प राहावं आणि आपल्याशी व देवाशी बोलावं. प्रेषित पौलानं त्या मंडळीला तसंच लिहून ठेवलंय. मग त्यांनी विचारलं, “या बहिणीच्या भाषेचा अर्थ सांगणारं इथं कुणी आहे का?”

तेवढ्यात खांबाजवळून धाकटी म्हणाली, “बाई सांगतील की. बाईंना समदं कळतं.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पाळकसाहेब म्हणाले, “ती बोलेल, तुम्ही ऐका.” ती उभी राहून बोलली. मी कान देऊन ऐकलं, इतकं मी कुणाचंच कधी ऐकलं नसेल. वर पत्रा तापून तडतडत होता. मी अर्थ सांगितला असता तर देवाचं अर्धं दान माझं झालं असतं. ती बोलणार आणि मी सांगणार, आणि खरं बघायला गेलं तर सांगणारीच मोठी ठरली असती. नाही म्हटलं तर तिचं तोंड देवळात कायमचं बंद. ती माझ्याकडं बघत होती, पोर आईकडं बघतं तशी. तिला खात्री होती.

“मला काही कळलं नाही,” मी म्हणाले.

तेच खरं होतं. खोटं बोलू नये ही आज्ञा मी पुष्कळदा पाळली आहे, पण पाळताना इतकं सुख त्याआधी कधी झालं नव्हतं. घरी येताना वाटलं की आता ही रुसेल, आठ दिवस बोलणार नाही. ती मागून धावत आली आणि म्हणाली, “बरं झालं बाई, खरं तेच सांगितलंत. तुमी काय बी सांगितलं असतं तर मी मानलं असतं ना!” माझ्या सुखाची तिथंच माती झाली.

त्यानंतर देवळात ती कधी बोलली नाही. आतून उसळी आली की पदराचा बोळा तोंडात कोंबायची. उकळत्या भांड्यावरचं झाकण थडथडतं तशी थडथडायची, आणि तिच्याबरोबर मागचा अख्खा बाक. जे काय बोलायचं ते घरी, शेळीच्या खुंट्याशी. आणि बाया? बाया तिच्याकडंच जात राहिल्या. अर्थ कळत नाही हे पाळकसाहेबांनी देवळात सांगून झालं होतं, तरी जात राहिल्या. पौलानं याबद्दल काही लिहिलंय का ते मी शोधलं. नाही लिहिलेलं.

मग दिराची भुसावळला बदली झाली. बांधाबांध करायला मी गेले. ती भांडी गोणपाटात गुंडाळत होती. इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं, “तुला तरी कळतं का गं त्यातलं काही?”

“काय नाय वो बाई.” तिनं दोरीची गाठ मारली. “मला तुमचा लय हेवा वाटायचा.”

“माझा? तो कशापायी?”

“भिंतीपल्याडनं ऐकू यायचं ना. तुमी एकेक गोष्ट नाव घेऊन मागता. मी मागाया बसले की उरात भरून येतं, पर काय मागायचं त्येच तोंडात येत नाय. मग त्ये दुसरं येतं.” गोणपाट बाजूला सारत ती म्हणाली, “आता तिकडं भिंतीपल्याड तुमी नसणार. माझ्यासाठी मागाल ना?”

“काय मागू?”

“तुमाला कळंल त्ये.”

त्या क्वार्टरात आता दुसरं बिऱ्हाड आहे. त्यांच्याकडं रेडिओ आहे. रोज संध्याकाळी मी तिच्यासाठी मागते. तिची कंबर, दिराची ड्युटी, तिच्या थोरल्या लेकीचं लग्न, भुसावळचा उन्हाळा, सगळं नाव घेऊन, एकेक. मागून संपतं. संपल्यावरही लगेच उठवत नाही. तोंड उघडं असतं आणि पुढं शब्द नसतो. तिचं बहुतेक इथूनच सुरू व्हायचं. मी थोडा वेळ वाट बघते. मग भाकऱ्या टाकायला उठते.