एका हाताचा चुडा

माह्या जिभेले हाड नाई, हे रिठदात कोनालेही विचारा. तरी जैतूनबीची गोष्ट सांगाची तं मीच सांगावी. तिले रागवाचा हक्क गावात फक्त माहा, बेबीबाईचा.

जैतूनबी आमची मन्यारीन. रिसोडाहून जीपनं येते, काखेत बांगड्यायची पेटी घेऊन. पंचवीस वर्षं झाले, गावातल्या लग्नाच्या पोरीयचे हात तीच भरते. अन् आमची दोस्ती कायची म्हनान तं शुगरची. तीन वर्षांआधी सरकारी दवाखान्यात एकाच दिवशी दोघींची शुगर निघाली. तिची तीनशे, माही तीनशे दहा. "दहानं मी पुढं व," मी म्हटलं, तं डॉक्टरीनबाई माह्यावरच खवळली.

दोघींचाही उपासावर लय जीव. माही एकादशी म्हंजे साबुदान्याची उसळ, रताळं अन् शेंगदान्याचे लाडू. तिचा रोजा म्हंजे पहाटेपासून पान्याचा घोट नाई. डॉक्टरीन कपाळाले हात लावून म्हने, "एक खाऊन मरते, एक उपाशी. मी कोनाकोनाले पाहू?"

मागच्या वर्षी रमजानच्या आधी तिनं जैतूनबीले बसवून समजावलं. गोळ्यायचा टाइम बदलून रोजा सुटल्यावरचा केला. शुगर पाह्याची छोटी मशीन हाती देली. दुपारून बोट टोचाचं, आकडा सत्तरच्या खाली गेला का रोजा तोडाचा, वाद घालाचा नाई. मौलानानंही तेच सांगतलं : बोट टोचल्यानं रोजा जात नाई, अन् बिमारीत सुटलेला रोजा मंग भरून काढता येते. जैतूनबीनं दोघायसमोर नंदीबैलावानी मान हालवली. अन् मशीन टाकली पेटीत, बांगड्यायच्या खाली.

"बाईपनाचे दिवस सोडले तं अकरा वर्षांची होती तवापासून एक रोजा नाई गेला माहा," मले म्हने. "आता मशीन सांगन काय मले?"

सतराव्या रोजाले माह्या दिराच्या पोरीचा, संस्कृतीचा चुडा होता. जैतूनबी सकाळपासून दोन गावं करून चार वाजता आमच्या आंगनात टेकली. मार्चातच उन्ह असं का शेणाची सारवन तडकून राह्यली होती. नवरीचा हात आधी. डावा हात हिरव्या बांगड्यायनं भरला, बाया गाने म्हनून राह्यल्या. उजव्या हाताले तिनं पयली बांगडी लावली अन् कट्! तुकडे पाटावर.

गाने थांबले. आमच्यात बांगडी फुटली म्हनत नाई, वाढवली म्हनते. पर पंचवीस वर्षात जैतूनबीच्या हातून नवरीची एक बांगडी वाढवल्या गेली नोयती. पोरीची माय राखी तोंडावर पदर घेऊन कुजबुजली, "अवो माय, अपशकुन!"

"अपशकुन गेला चुलीत!" मी वरडली. जैतूनबीच्या कपाळावर घामाचे थेंब होते, ओठ पांढरेफटक, बोटं थरथर. गोळी घेऊन जेवाले इसरली तवा वावराच्या धुऱ्यावर माहंही तेच झालं होतं. मी पेटीत हात घातला, बांगड्यायखालून मशीन काढली अन् तिचं बोट धरून टोचलंच.

अठ्ठावन.

"आता सुटतेच रोजा, बेबी. दोन घंटे राह्यले," ती पुटपुटली. "निघून जातीन."

"दोन घंट्यात तूच निघून जाशीन! राखी, साखरपानी आन."

पर ग्लास समोर धरला तं हिनं तोंडच फिरवलं. मी शिव्या देल्या, हात जोडले. नाई म्हंजे नाई.

आता आमच्या घरची रीत अशी का चुड्याले एकीनं हात लावला का दुसरीनं भराचा नाई, अन् एक हात रिकामा ठेवून नवरीनं पाटावरून उठाचं नाई. संस्कृतीनं आपला उजवा हात ओढनीखाली लपवला.

"खाला, तुमी पानी पेल्याशिवाय हा हात भेटत नाई. मी बसते इथंच. उद्या वरात आली तरी पाटावरच."

"अव कार्टे, हळद लागाची हाये!" राखी रडकुंडीले आली.

"लागू द्या एकाच हाताले."

जैतूनबीनं त्या भरल्या हाताकडं पाह्यलं. मंग ग्लास घेतला, बिस्मिल्ला म्हटलं अन् पेली. ग्लास खाली ठेवला अन् हमसून रडली. "माहा रोजा गेला व बेबी." मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. पंधरा मिनिटानं आकडा नव्वदवर आला, तवा तिनं दुसरा हात भरला. एकही बांगडी वाढवल्या गेली नाई. जाताना मात्र माह्याशी बोलली नाई. ईदीच्या शिरखुर्म्यापर्यंत बोलली नाई.

डिसेंबरात दिवस लहान झाला, तवा डॉक्टरीनले विचारून तिनं तो रोजा भराले घेतला. मी वावरात वांगे तोडून राह्यली होती. तीन वाजता फोन आला.

"बेबी, मशीन पासष्ट दाखवून राह्यली."

मी वांग्याचं टोपलं खाली टाकलं. "घरी कोन हाये?"

"कोनीच नाई."

"अव मंग मायबाई—"

"आयक तं! गूळ खाल्ला. पानी पेली. आता भिंतीले टेकून बसली हाये. रोजा जनवरीत पुन्हा धरीन. अल्लाले कायची घाई? अन् मले तरी कायची?"

हात लपवाले कोनी नोयतं, ग्लास धराले कोनी नोयतं. आपल्या मनानं पेली माही माय! मी वांग्याच्या वाफ्यात मटकन बसली अन् खुशीनं रडली.

"काहून रडून राह्यली व?"

"रडते कोन?" मी नाक पुसलं. "गूळ किती खाल्ला ते सांग आधी. लय खाल्ला असशीन तं मी येते तिथं!"