भिंतीवरचा पांढरा चौकोन

आमच्या घराची भिंत कालव्याकाठच्या रस्त्यावर येते, म्हणून दरवर्षी तिच्यावर खताची जाहिरात रंगवतात. गेल्या वर्षी रंगारी आला, तेव्हा नुकताच चुना दिलेल्या त्या भिंतीवर माझ्या नवऱ्याच्या श्रद्धांजलीचा, फोटो असलेला कागद चिकटवलेला होता. त्यानं चपला काढल्या आणि कागद सोडून भोवती हिरवा रंग दिला.

त्याचा मुकादम मोपेडवरून उतरला. "कागद फाड, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

रंगारी ब्रश पुसत हळू म्हणाला, "पावसानं जाऊ दे, सर. माझ्या हातानं नको."

मी दारामागून ऐकत होते. तो रंगारी पुन्हा दिसला नाही.

कागद पावसानंच गेला. काल नव्या रंगाऱ्यानं हाक मारली, "मधला पांढरा चौकोन भरू का, अम्मा?"

मी रस्त्यावर आले आणि म्हटलं, "नको."